पहाटेची वाट आणि बिबट्याची धास्ती

"काय गं, पायात बूट घालून कुठं निघालीस भल्या पहाटे? घरात भांडण झालं का?"

आमच्या आळीतल्या एका आजींनी मला विचारलेला हा प्रश्न. साडी, डोक्याला रुमाल आणि पायात लेकाचे जुने बूट असा माझा अवतार बघून त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. बाई पहाटे घराबाहेर पडते ती एक तर दळणाला, नाहीतर शेतावर, नाहीतर माहेरी! नुसतं चालायला म्हणून चालणं ही गोष्ट त्यांच्या हिशोबात नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हती.

मैत्रिणींनो, आमचं गाव पिंपरी पेंढार. जुन्नर तालुक्यात, ओतूर आणि आळेफाट्याच्या मधे, कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. (नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं.) २०२३ च्या दिवाळीआधी गावात तपासणी शिबिर झालं. आमच्या बचत गटातल्या बायका एकमेकींना ढकलत तिथं गेल्या. चौदाजणींपैकी पाचजणींचा रक्तदाब वाढलेला आणि तिघींची साखर काठावर निघाली. त्यात माझंही नाव होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन महिने रोज अर्धा तास भरभर चाला, मग या." आम्ही सगळ्या हसलो. दिवसभर पायावरच तर असतो आम्ही, अजून काय चालायचं?

हा गैरसमज तुमच्यापैकी कितीजणींचा असेल! खुरपणी, धुणी-भांडी, सैपाक यात अंग मोडून येतं, कंबर धरते, पण छातीचा भाता काही जोरात चालत नाही. आणि खोटं कशाला बोला, पूर्वीइतकं अंगमेहनतीचं काम तरी कुठं राहिलंय? गॅस आला, मिक्सर आला, नळ दारात आला, शेतावर जायला नवऱ्याची मोटारसायकल आली. 'लॅन्सेट' गटाच्या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली एक पाहणी आली होती. २०२२ मध्ये भारतातल्या दर शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या शरीराची पुरेशी हालचाल होत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ होतं. २०२३ मध्ये आलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासात तर देशात दहा कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींवर लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं. हा आता नुसता पुण्या-मुंबईच्या शेठाणींचा आजार राहिला नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल हवी. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस. भरभर म्हणजे किती भरभर? शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. आमच्यातल्या एकीनं यावर सोपी खूण काढली. गप्पा चालतील, आरती म्हणायला लागलीस तर पाय हळू पडतायत असं समज! अमेरिकेत ७२ हजारांवर परिचारिकांचा अभ्यास झाला होता, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला तीन किंवा जास्त तास भरभर चालणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी कमी होता. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना रोजचं चालणं आणि आहारात बदल एवढंच सांगून पाहिलं. तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. आणि ते मोबाईलवरचे दहा हजार पावलांचे हट्ट सोडून द्या. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलेला आहे. वयस्क बायकांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात दिवसाला साडेचार हजारांच्या आसपास पावलांनीही फरक पडलेला दिसला.

असो. आकडे ऐकून कोणी अंथरुणातून उठत नाही. आम्हाला उठवलं ते गटानं.

पहिल्या दिवशी आम्ही सहाजणी होतो, तिसऱ्या दिवशी दोघी. थंडी, पाहुणे, गुडघा, एकादशी, कारणं हजार. मग बचत गटाचीच शिस्त लावली. जी येणार नाही तिनं डब्यात पाच रुपये टाकायचे. आणि बाकीच्यांनी तिच्या दाराशी उभं राहून हाक मारायची. पाच रुपयांचं कुणाला काही वाटलं नाही, पण दारात आठ बायका उभ्या राहिल्यावर सासऱ्यांसमोर 'आज कंटाळा आलाय' असं कोण म्हणणार? महिन्याभरात बाराजणी झालो. डब्यातल्या पैशांत थोडी भर घालून रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. गटानं चालण्यावरही बेचाळीस अभ्यास एकत्र करून इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ साली निष्कर्ष काढला होता की रक्तदाब, वजन, मनाची उदासी, सगळ्यालाच त्याचा उपयोग होतो आणि लोक मधेच सोडूनही जात नाहीत. पण आपल्याला हे नवं आहे का? पंढरीच्या वाटेवर सत्तरीची म्हातारी अडीचशे किलोमीटर चालते, ती काय एकटीच्या बळावर? दिंडी तिला चालवते.

तीन महिन्यांनी माझा वरचा रक्तदाब १४६ वरून १३२ वर आला. आमच्यातल्या एकीची झोपेची गोळी सुटली. ती म्हणाली, "ताई, चालण्यानं सुटली का बोलण्यानं, ते काय मला सांगता येत नाही."

आणि मग मे महिना उजाडला.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात एका बाईचा जीव गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आणखी एकीचा. दोघीही फिरायला गेलेल्या नव्हत्या, रानात कामाला गेलेल्या. त्या दिवसांत गावात काय वातावरण होतं ते मी लिहू शकणार नाही. चूल पेटली नाही अशी घरं मी बघितली आहेत. आमचं चालणं दुसऱ्याच दिवशी बंद झालं. कुणी बंद करा म्हटलंही नाही, सगळ्यांनी गृहीतच धरलं.

बिबट्या इथं का, हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही पाच धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. वर्षभर उभा राहणारा ऊस म्हणजे बिबट्याच्या मादीला बाळंतपणाची खोली. भक्ष्य म्हणून कुत्री, शेळ्या, कोंबड्या आहेतच. २००१ ते २००३ या काळात जुन्नरला असाच हाहाकार झाला होता. तेव्हा बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं की त्यानं माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढलेच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लहान लेकरं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला, शेवटी तो बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्या भागातल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात असल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. पिंजरे, नसबंदी, दिवसा वीज, सगळ्यांवर चर्चा झाली, अजून होतेय.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला खटकते. वनखात्याचे लोक गावात येऊन सांगतात की एकटं जाऊ नका, घोळक्यानं जा, हातात काठी-बॅटरी ठेवा, मोठ्यानं बोला, मोबाईलवर गाणी लावा, आणि शेतात वाकून किंवा बसून काम करताना जास्त सावध राहा. कारण वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. आता या सूचना पुन्हा वाचा बरं. घोळक्यानं, ताठ उभं राहून, मोठमोठ्यानं बडबडत कोण जातं? आमचा चालण्याचा गट! आणि एकटी, वाकून, गुपचूप कोण असतं? उसाच्या बांधाला जनावरांसाठी गवत कापणारी बाई. बंदी मात्र आली ती चालण्यावर. गवत कापण्यावर नाही आली. म्हशीला वैरण लागतेच ना!

मी हे घरात बोलले तेव्हा मिस्टर म्हणाले, "कामाला गेल्यावर काही झालं तर इलाज नाही, पण हौसेपायी कशाला जीव धोक्यात घालायचा?" त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, काळजीपोटीच बोलले. पण बाईची तब्येत ही हौस कधीपासून झाली? त्यांच्या गोळ्या महिन्याच्या किराण्याबरोबर आणल्या जातात, त्याला कोणी हौस म्हणत नाही.

बरं, पहाटेच का चालायचं, उन्हं वर आल्यावर चाला, असंही सांगणारे भेटले. त्यांना मी केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे २०२४ चे आकडे दाखवते. घरकामात बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची ८८. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि शेतातलं काम यात धरलेलंच नाही. उजेडाचा सगळा वेळ वाटून गेलेला. डबे, शाळा, दूध, पाहुणे, मजूर. बाईच्या वाट्याला स्वतःचा म्हणून वेळ उरतो तो अंधारातलाच. आमच्या आया-सासवाही अंधारातच बाहेर पडायच्या, हातात टमरेल घेऊन, दोघी-तिघी मिळून. दारात संडास आले आणि ती अब्रूची ओढाताण संपली. त्याच पहाटेला आम्ही बूट घालून बाहेर पडलो होतो, आणि तीही गेली.

२०२५ च्या मकर संक्रांतीला हळदीकुंकवाच्या निमित्तानं सगळ्या जमल्या. वाण म्हणून मी बॅटऱ्या वाटल्या, त्याची आळीत बरीच थट्टा झाली. तिथंच ठरलं की चालायचं, पण जागा आणि वेळ बदलायची. उसाकडेची वाट सोडली. हमरस्ता तर नकोच, तिथं बिबट्या परवडला पण ट्रक नको. गावठाणातल्या मोकळ्या पटांगणाला फेऱ्या मारायच्या ठरलं. चोवीस फेऱ्यांत अर्धा तास जातो. कंटाळवाणं आहे, घाण्याला जुंपल्यासारखं वाटतं, खोटं सांगणार नाही. पण दिवा आहे, चहूबाजूला घरं आहेत. वेळ सकाळी पावणेसातची, हिवाळ्यात सव्वासातची. म्हणजे ऐन डब्याची! यावर आमच्या धाकट्या जाऊबाईंनी जो तोडगा काढला तो मला सगळ्यात मोठा वाटतो. तिनं दिरांना सांगितलं, "पोळ्या मी रात्रीच लाटून ठेवते म्हणणार नाही. तुम्ही पोरांना उठवा, अंघोळी घाला, दूध द्या. भाजी मी आल्यावर." पहिले आठ दिवस पोरं उशिरा शाळेत गेली. नवव्या दिवसापासून वेळेवर जातायत.

सगळ्यांच्या घरी असं झालं नाही. बारातल्या आठजणीच परत आल्या. चौघींना घरून नाहीच म्हटलं. त्यातल्या एकीची साखर आता काठावर नाही, पुरती पलीकडे गेलीय, गोळ्या सुरू झाल्यात. तिच्या घरावरून जाताना आम्ही अजून हाक मारतो.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे आपल्याकडच्या कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. आम्ही मात्र तिथं तीन मागण्या लिहून दिल्या. पटांगणावर अजून दोन दिवे, वस्तीलगतच्या वाटांच्या दोन्ही कडांची झाडी साफ करणं, आणि शाळेच्या मैदानाचं फाटक सुट्टीच्या दिवशीही सकाळी उघडं ठेवणं. चौथी मागणी गटातल्या दोघीतिघींनी सुचवली होती, व्यायामाची यंत्रं बसवा म्हणून. ती मी अडवली. जवळच्याच एका गावात ती बसवली आहेत, अगदी उसाच्या फडाला लागून. तिथं सायंकाळी चिटपाखरू फिरकत नाही, यंत्रं गंजतायत. आमच्या गटात यावरून माझ्याशी दोघी आठ दिवस बोलत नव्हत्या.

एक दिवा लागलाय. झाडीचं काम 'पुढच्या निधीत' आहे. फाटकाची किल्ली कुणाकडे राहणार यावर अजून घोळ चाललाय. शिपाईमामा म्हणतात माझ्याकडे नको, आम्ही म्हणतो आमच्याकडे द्या, आणि गुरुजी म्हणतात वरून लेखी आलं पाहिजे.

त्या 'घरात भांडण झालं का' विचारणाऱ्या आजी आता पटांगणाच्या कडेला पारावर येऊन बसतात. काठी टेकून आमच्या फेऱ्या मोजतात. परवा आम्ही गप्पांच्या नादात थांबलो तर मोठ्यानं म्हणाल्या, "एकोणीसच झाल्यात. पाच राहिल्यात अजून!"