रेडिओ गावचा, बातमी दिल्लीची

गोव्याच्या नभोवाणीचा आरंभ पोर्तुगीज राजवटीत, १९४६ मध्ये झाला. १९५२ नंतर मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीते आटली, तेव्हा भारतातील श्रोते रेडिओ सिलोन आणि गोव्याच्या केंद्राकडे वळले. श्रोत्यांची आवड ओळखणारे केंद्र टिकते, हा व्यापारी रेडिओचा पहिला धडा होता. तो दिल्लीने उशिरा गिरवला. विविध भारती १९५७ मध्ये अवतरली आणि मुंबई, पुणे, नागपूर येथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ मध्ये.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००१ पासून खासगी एफएम वाहिन्या आल्या; पुढे त्या पणजीतही पोहोचल्या. मात्र त्यांना स्वतःची बातमी देण्यास आजही मज्जाव आहे. आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे ऐकवता येते; वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा यांची माहिती देता येते. पाणी कधी येणार हे सांगता येते. ते का आले नाही, याचा शोध घेऊन सांगता येत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांची शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. वाहिन्यांची संख्या वाढवताना त्यांच्या तोंडावरील कुलूप तसेच ठेवले, तर स्थानिक रेडिओत स्थानिक उरतील त्या केवळ जाहिराती.