आधी एसएमपीएस, मग बाकीचं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याचं आहे. ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, त्यामुळे आधीच सांगतो, त्याला ओरडू नकोस. चूक त्याची नाही, त्याला सल्ला देणाऱ्यांची आहे. आणि आज मला त्या सल्लागारांशीच भांडायचंय.

तर झालं असं. भाच्याचा पीसी २०१७ चा. रायझन ५ १६००, जीटीएक्स १०६०, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत दुकानदाराने 'घ्या साहेब, यात आलंच' म्हणून दिलेला एसएमपीएस. आता नवे गेम रडतखडत चालतात. स्टायपेंडमधून साठवलेले वीस हजार हातात आहेत. मित्राकडून वापरलेलं आरटीएक्स ४०६० मिळतंय. प्रश्न एवढाच होता की "मामा, घेऊ ना?"

मी म्हटलं, "नको. आधी वायरमनला बोलव."

तो हसला. तुम्हीही हसला असाल. :) पण त्याच्या खोलीतल्या कॅबिनेटला अनवाणी हात लावला की मुंग्या येतात. जुनी इमारत, अर्थिंगच्या नावाने बोंब. अशा घरात वीस हजारांचं कार्ड बसवायचं म्हणजे गळक्या छपराखाली नवा सोफा मांडायचा.

कुणालाही विचारा, ठरलेलं उत्तर येतं: "आधी ग्राफिक्स कार्ड." जणू वेदवाक्य! बरं, हे पूर्ण खोटं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं. खोटं नाहीये. गेममध्ये सगळ्यात मोठी उडी बहुतेक वेळा कार्डानेच मिळते. शिवाय २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' घ्या. त्यांना रे ट्रेसिंग करणारं हार्डवेअर लागतंच, १०६० वर ते खेळताच येत नाहीत. एनव्हिडियानेही ऑक्टोबर २०२५ नंतर या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं, फक्त सुरक्षेचे तेवढे चालू ठेवले. म्हणजे कार्ड बदलायचंच आहे, मान्य. माझं भांडण 'आधी' या शब्दाशी आहे.

का, ते सांगतो. २००९ साली मीही असाच एक शहाणा होतो. पहिल्या नोकरीच्या पैशातून लॅमिंग्टन रोडवर जाऊन कार्ड आणलं. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, वर ४५० वॅटचं स्टिकर, हातात घेतला तर वजन रिकाम्या डब्याइतकं. तीन आठवडे राजासारखा खेळलो. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी फट् असा आवाज, जळका वास, आणि खेळ खलास. एसएमपीएस एकटा गेला नाही, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कला सोबत घेऊन गेला.

त्या डिस्कवर बाबांच्या आठवणी होत्या. निवृत्तीनंतर एका बोटाने टाइप करत त्यांनी गावच्या शाळेबद्दल चाळीसेक पानं लिहिली होती. कॉपी नव्हती. ती ठेवणं माझं काम होतं, "करतो करतो" म्हणत राहून गेलेलं. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण परत कधी लिहायलाही बसले नाहीत. कार्ड मात्र वाचलं होतं. पुढे दोन वर्षं त्याच्यावर खेळलो. असो.

भाच्याचा मुद्दा चलाख होता. "मामा, ४०६० फक्त ११५ वॅट घेतं. माझं १०६० तर १२० घेतंय. मग एसएमपीएस का बदलायचा?" आकडे बरोबर आहेत. पण प्रश्न वॅटचा नाहीच. तो डबा आठ वर्षांहून जुना आहे. आतले कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. स्वस्त डब्यात जादा व्होल्टेज आलं की स्वतःला बंद करणारी सर्किटं एक तर नसतात, नाहीतर नावापुरती असतात. चांगला एसएमपीएस मरतानासुद्धा एकटा मरतो. पैसे त्यासाठी मोजायचे.

म्हणून माझा क्रम असा. अर्थिंग तपासून घ्या. चांगल्या कंपनीचा, काही वर्षांची वॉरंटी असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. मग एसएसडी, आणि जुन्या डिस्कवरचं सगळं आणखी एका जागी उतरवून ठेवा. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते, जुनी फिरती डिस्क शंभर-दीडशेवर अडखळते. फ्रेम वाढणार नाहीत, पण रोजचं तोंड वाकडं करून बसणं संपेल. मग कॅबिनेट उघडा, धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला. तापलेलं मशीन स्वतःचा वेग कमी करतं, आणि आपण त्याला म्हातारं म्हणून मोकळे होतो.

यानंतर मोजा! गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरची, मग नवं कार्ड आणून काय करणार? आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर कार्डाने १२० फ्रेम काढल्या तरी डोळ्यांपर्यंत सेकंदाला ६० चित्रंच पोचणार.

आता दुसरी टोळी, 'सगळं फेकून नवीन घे'वाली. यांच्यावर तर माझा जास्त राग आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, १६०० हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, तेव्हा मशीन भंगार, असा यांचा हिशोब. अहो, सॉकेट एएम४ आहे! २०१७ च्या बऱ्याच बोर्डांना २०२२ मध्ये नवा बायोस मिळाला आणि रायझन ५ ५६०० त्यावर चालू लागला. आपल्या बोर्डाच्या यादीत त्याचं नाव आहे का बघायचं, बायोस बदलायचा, प्रोसेसर बसवायचा. यादीचा प्रश्नही सुटतो. शिवाय नवं मशीन म्हणजे नवी डीडीआर५ रॅम, आणि २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव कसे भडकले ते सगळ्यांनी पाहिलंय. जुन्या डीडीआर४ चा तेवढ्याच क्षमतेचा दुसरा तुकडा एखाद्या मित्राच्या खणात पडलेला असतो, तो मागा. दोन तुकडे जोडीने चालतात तेव्हा गेमलाही फरक पडतो.

हे सगळं ऐकून भाचा शेवटी एकच वाक्य बोलला. "मामा, पण यातलं काहीच मित्रांना दाखवता येत नाही."

बघा, पोराने मुद्दा बरोबर पकडला. आपण घरातही हेच करतो. मॉड्युलर किचन आधी, गळणारी टाकी नंतर. दाखवता येतं त्यावर पैसे आधी जातात, आणि जे गेलं की परत आणता येत नाही ते 'करतो करतो'वर राहतं.

रविवारी त्याच्याकडे जातोय, वायरमनला सकाळी दहाची वेळ दिलीय. ताई, पोहे करून ठेव. आणि आईचे जुने फोटो त्याच्याच मशीनवर आहेत ना? मी येताना रिकामी डिस्क आणतो. आधी ते उतरवू, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ.

'आधी कार्ड'वाल्यांनो, बोला आता. :)