अनिश्चिततेचा भार कोणी वाहायचा?

मार्च २०१४ मध्ये सौदी अरेबियातील ज्येष्ठ धर्मपंडित शेख सालेह अल-फौजान यांनी बुफे जेवणाविषयी दिलेले मत जगभर गाजले. ठरावीक रक्कम भरा आणि हवे तितके खा, या व्यवहारात नेमके किती अन्न विकले जात आहे हे ना विक्रेत्याला ठाऊक असते ना ग्राहकाला. विकलेल्या वस्तूचे प्रमाण आधी ठरलेले असावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. अमर्याद थाळीवर ताव मारणाऱ्या आपल्या वाचकालाही हसू आवरणार नाही. तरीही हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. ज्या निकषावर शेखसाहेबांनी बुफे तपासला, त्याच निकषावर आरोग्य विमा, वाढीव वॉरंटी आणि बांधकाम सुरू असलेला फ्लॅटही तपासला जातो.

या निकषाचे नाव ‘गरर’. इस्लामला व्याज वर्ज्य आहे, हे बहुतेकांना माहीत असते. गरर म्हणजे करारातील घातक अनिश्चितता. तीही निषिद्ध मानली गेली असली, तरी तिची चर्चा क्वचितच होते. पैगंबरांनी ‘खड्याची विक्री’ निषिद्ध केल्याची नोंद हदीसमध्ये आहे. खडा फेकायचा आणि तो ज्या वस्तूवर पडेल ती ठरल्या किमतीला घ्यायची, असा तो अरबस्तानातील व्यवहार होता. आत काय आहे ते न सांगता विकल्या जाणाऱ्या आजच्या ‘मिस्टरी बॉक्स’ची जातकुळी तीच. पाण्यातला मासा, आकाशातला पक्षी, झाडावर अजून धरू न लागलेले फळ ही शास्त्रकारांची नेहमीची उदाहरणे. मोहोरावर आंब्याची बाग देणाऱ्या कोकणातील बागायतदाराला शेवटच्या उदाहरणातील धोका वेगळा समजावून सांगावा लागू नये. फळ गळाले तर घेतलेला पैसा कशाच्या बदल्यात, हा त्यामागचा सवाल आहे.

मात्र अनिश्चितता दिसली की व्यवहार रद्द, इतका हा नियम सरधोपट नाही. सार्वजनिक स्नानगृहात कोण किती पाणी वापरील आणि किती वेळ थांबेल हे अज्ञात असूनही ठरावीक शुल्क घेण्यास तेराव्या शतकातील इमाम नववी यांच्यासारख्या शास्त्रकारांनी मान्यता दिली. अंगरख्याचे आतले अस्तर न पाहता तो घेता येतो, हेही त्यांनी मान्य केले. जमिनीतील मुळा-गाजरांच्या विक्रीवरून तर पंथापंथांत मतभेद झाले. मालिकी पंथाने ती चालवून घेतली, शाफिई पंथाने नाही. किरकोळ, अटळ आणि रूढ अनिश्चितता क्षम्य. कराराच्या गाभ्यालाच पोखरणारी अनिश्चितता अक्षम्य. ही रेघ कुठे ओढायची, यावरच सारा वाद आहे. बुफेचा विरोधक ती अलीकडे ओढतो आणि स्नानगृहाचा दाखला देणारा पलीकडे. प्रस्तुत लेखकाला दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. किंमत ठरलेली आहे, पदार्थ समोर मांडलेले आहेत आणि पोटाला मर्यादा असतेच.

अद्याप अस्तित्वात नसलेली वस्तू विकण्यासही शास्त्राने वाट ठेवली आहे. मदिनेत खजुराचे पैसे वर्ष-दोन वर्षे आगाऊ दिले जात. ती प्रथा न मोडता माप, वजन आणि मुदत आधी ठरवण्याची अट पैगंबरांनी घातली. हा ‘सलम’ करार. मागणीबरहुकूम घडवून घेण्याच्या वस्तूंसाठी ‘इस्तिस्ना’ आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ मध्ये त्याला मान्यता देताना वस्तूचा प्रकार, प्रमाण, वर्णन आणि मुदत स्पष्ट असण्याची अट घातली. ‘सुपर बिल्ट-अप’च्या गोलमालात पोळलेल्या मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला ही यादी ओळखीची वाटेल. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विकासकाकडून चटई क्षेत्र आणि ताब्याची तारीख वदवून घेतली, ती याच भीतीपोटी.

खरी अडचण विम्याची. हप्ता निश्चित, पण भरपाई मिळेल की नाही, केव्हा आणि किती, हे सारे अज्ञात. एकोणिसाव्या शतकात दमास्कसचे इब्न आबिदीन यांनी सागरी विम्याविरुद्ध निर्णय दिला होता. जेद्दाच्या अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा गररयुक्त ठरवून सहकारी विम्याचा पर्याय सुचवला. सीरियाचे मुस्तफा अल-झरका यांच्यासारख्या विद्वानांनी विम्याची बाजू घेतली खरी, पण ते अल्पमतात राहिले. पर्याय म्हणून ‘तकाफुल’ उभे राहिले. सुदानमध्ये १९७९ मध्ये पहिली कंपनी निघाली आणि मलेशियाने १९८४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सभासदांनी एकमेकांच्या मदतीसाठी निधी द्यायचा, कंपनीने तो केवळ सांभाळायचा आणि शिल्लक सभासदांचीच राहायची. जे देणगी म्हणून दिले, त्यातील अनिश्चितता विक्रीतील अनिश्चिततेइतकी दोषास्पद ठरत नाही, ही यामागची खुबी. सहकाराच्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

भारतीय विमा कायद्यांत मात्र तकाफुलसाठी स्वतंत्र तरतूद नाही. वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा असल्याने तेवढ्यापुरती मुभा बहुतेक मुफ्ती देतात. त्यापुढच्या विम्याबाबत मतैक्य नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या इस्लामिक फिक्ह अकादमी (इंडिया) या संस्थेने दंगलींतील जीवित-वित्तहानीचा धोका ध्यानात घेऊन देशातील मुस्लिमांना विम्याची सवलत दिली; अन्य मुफ्ती आजही नकार देतात. या सवलतीचा आधार करारातील दोष दूर झाला, हा नव्हे. विमा न घेतल्यास होणारी हानी त्याहून मोठी आहे, हा तिचा आधार आहे. ‘जरुरत’ या तत्त्वावर टेकलेली परवानगी परिस्थितीशी बांधलेली असते, आणि म्हणून घेणाऱ्याच्या मनातली बोच ती पुरती काढत नाही.

याचा फटका कोणाला बसतो, हे उघड आहे. धनिकाला रुग्णालयाचे बिल खिशातून भागवता येते. भिवंडीचा यंत्रमाग कामगार किंवा मालेगावचा छोटा व्यापारी यांच्यापुढे मात्र दोनच वाटा उरतात: मनात शंका ठेवून पॉलिसी घ्यायची, नाहीतर घरात कोणी आजारी पडले की दागिने विकायचे. गररचा नियम दुबळ्या पक्षावर अनिश्चिततेचा बोजा पडू नये यासाठी होता. इथे तो बोजा नेमका त्याच्याच डोक्यावर येऊन बसला आहे, आणि तो उतरवण्यासाठी धर्मपीठांइतकेच विमा नियामकालाही काही करता येण्याजोगे आहे.