पांढऱ्या पुडीचे पैलू

भारतातून पाहुणे आले की त्यांना नायगरा दाखवणं हे आपलं ठरलेलं कर्तव्य. टोरांटोहून क्यू.ई.डब्ल्यू.ने निघालं की तासाभरात बर्लिंग्टनचा उंच स्कायवे पूल लागतो, आणि पाहुण्यांची मान हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यांच्या धुराड्यांकडे वळते. त्याच पुलाच्या पायथ्याशी, लेक ऑन्टारिओच्या काठाला, एका सरकारी संशोधनसंस्थेच्या इमारती आहेत : कॅनडा सेंटर फॉर इनलँड वॉटर्स. नायगऱ्याच्या घाईत तिकडे कोण बघतो! पण आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

सत्तरच्या दशकात या तळ्यांना पी.सी.बी. नावाच्या विषाने ग्रासलं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी ही क्लोरीनयुक्त रसायनं माशांच्या चरबीत साठत आणि वर्षानुवर्षं नष्ट होत नसत. कॅनडाने १९७७ साली त्यांच्या उत्पादनावर व आयातीवर बंदी घातली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, या संस्थेतल्या कॅरी, लॉरेन्स आणि टोसीन या शास्त्रज्ञांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. पी.सी.बी. मिसळलेल्या पाण्यात त्यांनी एक पांढरी पूड घातली आणि त्यावर अतिनील किरण सोडले. पी.सी.बी.मधला क्लोरीन सुटा होऊ लागला! प्रकाशाच्या मदतीने दूषित पाणी स्वच्छ करण्याच्या शास्त्रातला हा अगदी सुरुवातीचा निबंध मानला जातो.

ती पांढरी पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. आपल्या घराच्या भिंतीवर आहे, टूथपेस्टमध्ये आहे, उन्हाळ्यात मुलांच्या नाकाला फासतो त्या सनस्क्रीनमध्येही असते. कोकणातल्या मंडळींना तर तिचं माहेर ओळखीचं वाटेल : रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते ना, तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचं खनिज. आपल्या कॅनडातही क्वेबेकमध्ये आव्र-सँ-पिएरजवळ लाक तिओ इथे इल्मेनाइटची प्रचंड खाण १९५० पासून चालू आहे. त्या काळ्या दगडातून पांढराशुभ्र रंग निघतो.

मागच्या अंकात याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर मिसिसागाच्या एका वाचकांनी फोनवर नेमका प्रश्न विचारला. ही पूड उन्हात पी.सी.बी.सारखं चिवट विष फोडते, तर घराच्या रंगातलं तेल आणि राळ कशी सोडते? घराचा रंग स्वतःलाच खात का नाही?

उत्तर असं, की खातो! पूर्वीच्या बाहेरच्या रंगावरून हात फिरवला की हाताला खडूसारखी पूड लागायची, ती याच कारणाने. टायटॅनियम डायऑक्साइडचे अणू दोन नेहमीच्या पद्धतींनी रचलेले आढळतात. एकीला रुटाइल म्हणतात, दुसरीला अ‍ॅनाटेज. रासायनिक सूत्र एकच, पण अ‍ॅनाटेज प्रकाशात फार चळवळी, रुटाइल त्यामानाने शांत. म्हणून रंगवाले बाहेरच्या रंगासाठी रुटाइल घेतात आणि त्याच्या प्रत्येक कणावर सिलिका, अ‍ॅल्युमिना यांचं पातळ कवच चढवतात. चांगल्या सनस्क्रीनमध्येही तेच करतात. हे पथ्य पाळलं नाही तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथे रंगीत पत्र्याच्या नव्या छपरांवर कामगारांच्या हाताबोटांचे फिकट ठसे उमटू लागले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण कळलं : त्यांच्या हाताला लागलेल्या काही सनस्क्रीनमधली पूड उन्हात पत्र्याचा रंग खात होती.

आता गंमत पुढेच आहे. नुसतं अ‍ॅनाटेज म्हणूनही भागत नाही. त्याच्या स्फटिकाला पैलू असतात, आणि कोणता पैलू बाहेर आहे यावर त्याचं काम ठरतं.

खडीसाखरेचा खडा आठवा. स्फटिक वाढताना ज्या बाजूला नवे अणू भराभर चिकटतात, ती बाजू वाढता वाढता नाहीशी होते; सावकाश वाढणाऱ्या बाजूच शेवटी पैलू म्हणून उरतात. मिठाचे चौकोनी खडे आपल्याला माहीत आहेत. पण मिठाच्या पाण्यात युरिया मिसळला तर तेच मीठ आठ बाजूंचे स्फटिक धरतं. अ‍ॅनाटेजचा स्फटिक म्हणजे बुडाला बूड लावून ठेवलेले दोन पिरॅमिड, टोकं जराशी छाटलेली. तिरक्या बाजूंना शास्त्रज्ञ १०१ म्हणतात, छाटलेल्या सपाट टोकांना ००१. गणिताप्रमाणे ९४ टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग तिरक्या बाजूंचाच असायला हवा. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने पाण्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल घालून सपाट टोकांचा भाग ४७ टक्क्यांवर नेला. युरियाने मिठाला जे केलं, ते इथे फ्लोरीनने केलं. (हे आम्ल हाडापर्यंत जाळतं. हौशी मंडळींनी त्याच्या वाटेला जाऊ नये.)

झालं! जगभर ००१ पैलूचा उदो उदो सुरू झाला. जो तो म्हणे, हाच सर्वांत कामाचा. पण २०११ साली चीनमधल्या शेनयांगच्या संशोधकांनी फ्लोरीन पुसून काढून तिन्ही जातींचे पैलू ताडून पाहिले, तर हा लाडका पैलू शेवटच्या क्रमांकावर! नव्या गोष्टीची लाट आली की मूळ तुलना कोणी नीट करत नाही, हे काही फक्त शास्त्रातच होतं असं नाही.

मग खरं काय? प्रकाश पडला की स्फटिकात एक इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे रिकामी जागा उरते. इलेक्ट्रॉन एक काम करतो, रिकामी जागा उलट काम करते. पण बहुतेक वेळा दोघं लगेच पुन्हा एकत्र येतात आणि सगळी ऊर्जा उष्णतेत जाते, काम शून्य. जपानमध्ये २००२ साली एक साधा पण सुंदर प्रयोग झाला होता. स्फटिकांवर प्रकाश पाडून प्लॅटिनम आणि शिसं यांचे क्षार दिले, तर प्लॅटिनम मुख्यतः तिरक्या बाजूंवर बसलं आणि शिशाचं ऑक्साइड सपाट टोकांवर. म्हणजे इलेक्ट्रॉन एका पैलूकडे जातो, रिकामी जागा दुसऱ्याकडे. दोघांची ताटातूट झाली की काम होतं. तेव्हा एकच पैलू वाढवून उपयोग नाही, दोन्ही हवेत आणि बेताच्या प्रमाणात. भांडखोर जावांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या की घर चालतं, त्यातलाच प्रकार.

हे काम आपल्या गावातही चालतं. टोरांटो विद्यापीठात जेफ्री ओझिन यांचा गट इंडियम ऑक्साइडच्या मदतीने प्रकाशात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून उपयोगी रसायनं बनवण्याच्या मागे आहे. २०१९ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवलं, की नेहमीच्या घनाकृती जातीपेक्षा तिरकी, समभुज जात अधिक काम करते आणि टिकतेही. इंडियम महाग आहे, त्यामुळे उद्या गाडीत भरायला हे इंधन मिळेल अशी आशा धरू नका.

आता घरचं बोलू. डेकला किंवा बाहेरच्या भिंतीला रंग घेताना स्वस्तातला आतला रंग बाहेर लावू नका. 'फोटोकॅटॅलिटिक' म्हणून हवा शुद्ध करणारं यंत्र कोणी विकायला आलं तर मात्र दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, आत अतिनील दिवा आहे का? कारण अ‍ॅनाटेजला सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी लागतात. सूर्यप्रकाशात त्या चार-पाच टक्केच, आणि खोलीतल्या साध्या दिव्यात जवळजवळ नसतातच. दुसरा, हवेतल्या वाफा पूर्ण जळतात की अर्धवट? अर्धवट जळल्या तर फॉर्मल्डिहाइड तयार होऊ शकतं, आणि ते हिवाळ्यात बंद घरात नको. विक्रेत्याकडे चाचणीचे कागद नसतील तर पैसे खिशातच ठेवा, आणि थंडीतही दिवसातून दहा मिनिटं खिडकी उघडा.