सोनखताचा हिशेब

दसरा आटोपला की आमच्या घरात साफसफाईचे वारे शिरते. माळे उतरतात, पडदे भिजत पडतात, फरशीवर टोपणे मोजून सुगंधी औषध ओतले जाते आणि मोरीतून तीन दिवस पांढराशुभ्र फेस वाहत राहतो. हा फेस पुढे जातो कुठे, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कधी पडला नव्हता. यंदा पडला, आणि त्याला कारण आमचे मेव्हणे.

मेव्हण्यांची वाडी आगाशीला. राजेळी केळी, अळू, तोंडली आणि विहिरीकडेला सोनचाफ्याची दहा-बारा झाडे. नवरात्र संपता संपता त्यांचा फोन आला. "भावोजी, एक ट्रॉलीवाला आलाय. कुठल्याशा शहरातल्या मैल्याच्या केंद्रातला वाळवलेला गाळ देतो म्हणतो. माल फुकट, भाडं तेवढं आपलं. गोणीवर लिहिलंय, शंभर टक्के सेंद्रिय. घेऊ का?"

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. तेवढ्या भांडवलावर सासुरवाडीत माझा शब्द चालतो. निदान मेव्हण्यांपुढे तरी. पहिल्या झटक्याला मी 'घ्या' म्हणणार होतो. वाडीला खत हवे असते आणि शेण आता मिळत नाही. गुरे होती तिथे इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत मी राहतो. शिवाय माझ्या पिढीच्या मनात सोनखताबद्दल एक आदर आहे. आप्पा पटवर्धनांनी 1948 साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढला, स्वतः मैला उचलला आणि त्याचे सोनखत करून दाखवले. जमिनीतून आले ते जमिनीला परत, इतका सरळ हिशेब. ज्या मुलखात मैल्याला हात लावणाऱ्या माणसाचीच सावली टाळत, तिथे हे करायला छाती लागत होती.

पण गोणीवरच्या त्या 'सेंद्रिय' शब्दापाशी मी अडलो. शेतकऱ्याचा सेंद्रिय वेगळा आणि आमच्या फळ्यावरचा वेगळा. रसायनशास्त्रात कार्बनची बहुतेक सगळी संयुगे सेंद्रियच. शेण सेंद्रिय, तसा धुण्याच्या पावडरीतला फेस करणारा घटकही सेंद्रिय, आणि डास मारायचे औषधही. ट्रॉलीवाला खोटे बोलत नव्हता. कदाचित आपण किती खरे बोलतो आहोत, हे त्याला ठाऊक नसावे!

आप्पांच्या सोनखतात माणसाने खाल्लेले परत येत होते. आजच्या गटारात माणसाने अंगाला लावलेले, कपड्यांना चोळलेले, तव्यावर फासलेले आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर गिळलेले, सगळेच येते.

मैलापाणी शुद्ध करायची रीत ऐकायला साधी आहे. पाणी जाळीतून गाळतात, वाळू बसू देतात, मग मोठ्या हौदात त्यात हवा फुंकतात. हवेवर जिवाणू माजतात, घाण खातात आणि नंतर तळाशी बसतात. बसलेला थर तो गाळ. 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही युक्ती जगापुढे मांडली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले, म्हणजे विद्या आपल्याकडे यायला उशीर झाला असे काही म्हणता येणार नाही.

मेख अशी, की जिवाणूंना पचते ते संपते. पण ज्याला ना जिवाणू खातात ना पाणी विरघळवते, ते जाते कुठे? आमटीचे पातेले थंड पाण्याने विसळून पाहा. पाणी निघून जाते, तवंग पातेल्याला धरून बसतो. तसेच हे तेलकट स्वभावाचे पदार्थ गाळाच्या कणांना बिलगतात. वरचे पाणी जितके निर्मळ, तितकी या मंडळींची गाळात गर्दी.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2006-07 मध्ये 74 केंद्रांतून गाळाचे 84 नमुने घेतले. जंतुनाशक साबणातले ट्रायक्लोकार्बन नावाचे द्रव्य 84 च्या 84 नमुन्यांत सापडले. असल्या द्रव्यांचे साबण साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा उत्पादकांनी दिला नाही म्हणून 2016 साली तिथल्या सरकारने ते बाजारातून काढायला लावले. नोनिलफिनॉलची गोष्ट याहून विचित्र. काही साबणद्रव्यांचा लांबलचक रेणू जिवाणू अर्धामुर्धा खातात आणि जे उष्टे उरते ते मुळापेक्षा चिवट निघते. माशांच्या शरीरात ते मादीच्या संप्रेरकासारखे वागते. युरोपने 2003 मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले.

सगळेच सारखे वाईट, असे मात्र नाही. धुण्याच्या पावडरीतला फेस करणारा घटक पाश्चात्त्य देशांत 1960 च्या दशकात बदलला, कारण जुना घटक कुजतच नसे आणि परदेशांतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगत. नवा घटक हवा असेल तिथे जिवाणू खातात. बंद टाकीत हवेवाचून तो तसाच राहतो, पण पुढे मोकळ्या, भुसभुशीत मातीत पडला की काही आठवड्यांत बहुतेक संपतो. याच्या उलट टोकाला आहेत ती न चिकटणाऱ्या तव्यांच्या आणि न भिजणाऱ्या कापडांच्या धंद्यातली फ्लोरिनयुक्त रसायने. ती कुजत नाहीत, असेच धरून चालावे. अमेरिकेतल्या मेन राज्यात कित्येक वर्षे शेतांवर गाळ पसरत होते; जमिनीत, विहिरीत आणि गाईच्या दुधात ही रसायने निघाली, आणि 2022 मध्ये त्या राज्याने गाळ शेतात टाकायलाच बंदी केली. ज्या शेतकऱ्यांनी तो विश्वासाने घेतला होता, त्यांची दुभती जनावरे आणि धंदा दोन्ही गेले.

मेव्हण्यांना मी म्हटले, कागद मागा. ट्रॉलीवाला बिचारा कागद घेऊन आलाही. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, जस्त... सगळे मर्यादेत. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टासाठी धातूंच्या मर्यादा आहेत, त्या बरहुकूम. वर सांगितलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. युरोपच्या 1986 च्या गाळाच्या नियमातही धातूच तेवढे होते. डेन्मार्कसारख्या एखाद्या देशाने 1990 च्या दशकात साबणद्रव्यांना आणि नोनिलफिनॉललाही मर्यादा घातल्या. जे मोजायचे ठरलेलेच नाही ते कागदावर येणार कसे?

"म्हणजे विष आहे का?" मेव्हण्यांनी विचारले.

इथे माझी विद्या तोकडी पडली. सापडणे वेगळे आणि बाधणे वेगळे, हे मुलांना मीच शिकवीत आलो. 2016 साली इस्राएलात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गाळावर नव्हे, शुद्ध केलेल्या मैलापाण्यावर वाढलेली भाजी लोकांना आठवडाभर खायला दिली. त्यांच्या लघवीत अपस्माराच्या गोळीतले कार्बामाझेपिन वाढले. प्रमाण गोळीच्या मानाने अगदीच नगण्य. पण कुणाची तरी गोळी, दुसऱ्याच्या ताटातून, तिसऱ्याच्या अंगात गेली खरी. मी म्हटले, "विष आहे असे मी म्हणत नाही. पण अळूचे पान आपण पानासकट खातो."

आमच्याही गावाचा हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिला. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेत 12 लाख 22 हजार माणसे होती. माणशी शंभर लिटर सांडपाणी धरले तरी दिवसाला बारा कोटी लिटर. बोळींजच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता 3 कोटी लिटरची. उरलेले आपल्या वाटेने खाडीत उतरते, आणि बऱ्याच इमारतींखालचा गाळ टँकरवाले उपसून नेतात. उद्या केंद्रे वाढतील, वाढायलाच हवीत. मग गाळही वाढेल आणि तो घेऊन कुणीतरी आगाशी, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांच्या दारी उभा राहील. तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर चार नावे जास्त असावीत, एवढे पालिकेला आणि सरकारला आतापासून मागता येईल. मी पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. पण दिवाळीची सुट्टी आहे, हे मी समजू शकतो.

मेव्हण्यांनी शेवटी त्यांच्या बुद्धीनेच निकाल केला. एक ट्रॉली उतरवून घेतली आणि सगळी सोनचाफ्याच्या आळ्यांत घातली. अळू, तोंडली आणि केळीसाठी लांबच्या एका तबेल्यातून विकतचे शेण आणले. ते आणि विहीर यांच्यात चाफ्याची झाडे उभी आहेत, आणि चाफा कडेला असला तरी पाऊस सगळीकडूनच विहिरीकडे वाहतो, हे मी त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी नको, एवढे मात्र वहिनींकडून कळले.

वसुबारसेला वाडीतून अळूची जुडी आली. सौ.ने पाने धुता धुता फोन लावला आणि मोठ्या काळजीच्या सुरात विचारले, "वहिनी, ही कोणत्या ढिगातली गं?"

पलीकडून हसू ऐकू आले. "शेणातलीच आहेत हो वन्सं. पण तुम्ही धुताय कशानं?"

सौ.ने हातातली भाज्या धुवायच्या औषधाची बाटली हळूच खाली ठेवली आणि नळ सोडला.