पोच कुणाची?

गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून रात्रभर चीक बसू द्यायचा. पहाटे मोठ्या गंजात तो चीक शिजवायचा आणि हात भाजत असतानाच सोऱ्यात भरून कुरोडी पाडायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आम्ही कुरडईला कुरोडीच म्हणतो. तिला चैत्र-वैशाखाचं कडक ऊन लागतं. आभाळ आलं की काम थांबतं आणि मृगाचा पाऊस पडला की त्या वर्षाचं वाळवण संपतं. हे आधी सांगते, कारण पार्सल हरवल्यावर कुरिअरच्या खिडकीवरचा मुलगा मला म्हणाला होता, “काकू, दुसरं पाठवून द्या ना.”

पुण्याच्या एका ताईंनी मुलीच्या रुखवतासाठी रंगीत कुरोड्या आणि सरगुंडे मागवले होते. फोनवर फोटो पाठवून रंग ठरवले, 4,200 रुपये आधी घेतले. 9 मे रोजी खोकं बांधून कुरिअरला दिलं, वर 620 रुपये भाडं भरलं. लग्न 18 तारखेला होतं. 14 तारखेला मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ असा संदेश आला. संध्याकाळी ताईंचा फोन आला, “ताई, पार्सल कुठंय हो?” त्या दिवशी त्या घरीच होत्या. सोसायटीच्या वहीत नोंद नव्हती. मी पोच मागितली, तर आठ दिवसांनी एक फोटो आला. त्यात सहीच्या जागी एक आडवी रेघ होती, नाव नव्हतं.

“सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दाखवून राहिलं, आता मी काय करू?” असं तो मुलगा म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. खोकं हरवलं तिथे तो नव्हता, आणि पार्सलमागे पैसे मिळणाऱ्या, दिवसभर जिने चढणाऱ्या पोरावरही मी आळ घेणार नाही. राग आहे तो या व्यवस्थेवर. माल जिच्या ताब्यात होता, तिचाच शब्द तिच्या बाजूचा पुरावा मानला जातो.

ताईंचे पैसे मी लगेच परत केले. माझ्यासोबत कुरोड्या पाडणाऱ्या तिघींची मजुरी तर आधीच देऊन झाली होती. नुकसान माझ्या एकटीवर आलं आणि कुरिअरने 100 रुपये देऊ केले. पावतीच्या मागे बारीक इंग्रजीत तशी अट छापलेली होती. मालाच्या किमतीचा रकाना कोराच राहिला होता. भरा असं कुणी म्हटलं नाही आणि मलाही त्याचं मोल ठाऊक नव्हतं. अशा बारीक अक्षरांना वजन असतं. जर्मनीच्या ग्राहकाकडे कागदपत्रं उशिरा पोहोचली म्हणून एका निटिंग कंपनीने कुरिअरविरुद्ध दावा केला होता. सही केलेल्या पावतीवरची 100 डॉलरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कायम ठेवली.

पण कंपनीने केलेली सही आणि घाईत आमच्या हाती आलेली पावती यांत फरक केला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ती अट मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, पावतीच्या पुढच्या बाजूला हवी. किंमत विचारल्याशिवाय बुकिंगच होऊ नये. घेणाऱ्याचं नाव आणि त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी दाखवता येत नसेल, तर पार्सल पोहोचलं नाही असंच धरावं आणि नोंदवलेली किंमत भरून द्यावी.

घरी बसून विकणाऱ्या बायांनी आजच वापरावं असंही काही कायद्यात आहे. रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा 2007 चा कायदा घरपोच कुरिअरलाही लागू होतो. त्याखाली दावा करायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आम्ही नेमकं इथे चुकतो. ‘आज बघतो, उद्या बघतो’ ऐकत महिने घालवतो आणि फोनवरच्या तक्रारीला नोटीस समजतो. ‘तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही’ असंही मला ऐकवलं गेलं. ते तितकं सरळ नाही. केवळ पोटापाण्यासाठी स्वतः कष्ट करून केलेल्या कामाकरिता घेतलेला माल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूचा धरला जात नाही; सेवेचा उल्लेख तिथे नसला, तरी तो मुद्दा मांडता येतो. शिवाय आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे मला पुण्याला जायला नको, यवतमाळचा जिल्हा आयोग आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आधी विचारताही येतं.

माझे 180 दिवस 5 नोव्हेंबरला संपतात. नोटीस मी जूनमध्येच पोस्टाने पाठवली, पोचपावतीसह. ती पोच परत आली आहे. तिच्यावर कुरिअरच्या कार्यालयाचा शिक्का आहे, तारीख आहे आणि घेणाऱ्याचं पूर्ण नाव आहे.