रुळाची चाल आणि सायकलची फेरी



गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात एक सहल फसली. दोष सर्वस्वी माझा. नववीतल्या मुलीने हट्ट धरला, "पप्पा, सायकलीने सोनगीरचा किल्ला बघू." मी नकाशा न बघता, कोणाला न विचारता, नरडाण्याहून सरळ मुंबई-आग्रा महामार्ग धरला. मागून ट्रक, पुढून कंटेनर, बाजूने ऊस नेणारी ट्रॉली. तिसऱ्या की चौथ्या किलोमीटरला एक गाडी इतक्या जवळून गेली की पोरीचे हँडल थरथरले आणि ती रस्त्याच्या खाली उतरून रडू लागली. आम्ही सायकली हातात धरून घरी परत आलो. त्यानंतर वर्षभर तिने सायकलला हात लावला नाही. म्हणून यंदाची फेरी मी आधी कागदावर काढली आहे, आणि ती कशी काढली ते सांगतो. अनेक घरांत सायकल आहे, पण तिच्यावर बसून जायचे कुठे हे कोणी सांगत नाही.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. सुरत-भुसावळ लाइनवर त्यांची उभी हयात गेली. रुळाच्या कडेला एक बुटका खांब असतो, त्याला वर किंवा खाली झुकलेले हात असतात आणि त्यावर आकडा असतो. ती चढ-उताराची पाटी. आकडा १०० असेल तर शंभर मीटर गेल्यावर रूळ एक मीटर वर चढतो. वडील म्हणायचे, माणूस टेकडी चढून जातो, रस्ताही चढतो, पण रूळ टेकडीला वळसा घालतो. जड गाडीला चढ सोसत नाही. बोरघाटात ३७ ला १ असा चढ आहे, तर तिथे गाडीला मागून आणखी इंजिने लावावी लागतात. म्हणून लाइन टाकणारे लोक आधी सपाटी शोधत, नाल्यावर पूल बांधत, खोलगट जागी मातीचा भराव घालत. रस्ता नाल्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. रूळ वरच्या वर जातो.

विलायतेत लोकांनी हे हेरले. इंग्लंडच्या डर्बीशायर भागात १९६८ साली बंद पडलेली एक डोंगरी लाइन आज पायी आणि सायकलीने जाण्याची वाट आहे. तिचे बोगदे २०११ मध्ये लोकांसाठी खुले झाले. स्पेनमध्ये १९९३ पासून जुन्या लाइनींच्या अशा वाटा करण्याचे कामच हाती घेतले गेले. म्हाताऱ्यांना, मुलांना, नव्याने सायकल शिकलेल्या बाईला त्या झेपतात, कारण चढ आधीच इंजिनासाठी मोडून ठेवलेला असतो.

आपल्या खानदेशात तशी वाट नाही. पण बंद पडलेली छोटी लाइन आहे, पाचोरा-जामनेर. अडीच फुटांचे अरुंद रूळ, ५६ किलोमीटर लांबी, १९१८-१९ मध्ये सुरू झालेली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही तिच्यावरची गावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती गाडी थांबली ती थांबलीच. आता ती रुंद रुळांची करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर आहे. काही सायकलवाले मित्र म्हणतात, तिथेही विलायतेसारखी वाट करावी. मला ते पटत नाही. त्या गाडीने मजूर बाया, शाळेची पोरे, टोपलीभर भाजी घेऊन निघालेली म्हातारी जात असे. त्यांची गाडी काढून आमच्या हौशीसाठी वाट नको. गाडी आधी यावी. नंतर तिच्या कुंपणाबाहेर सायकलची पट्टी दिली तर हरकत नाही.

आणि एक बजावून सांगतो. लाइन बंद दिसली तरी जमीन रेल्वेची आहे. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालू लाइनवर तर मरणच. आम्ही रस्त्यानेच जाणार, फक्त लाइनची गावे धरून.

बेत असा. शुक्रवारी संध्याकाळी नरडाण्याहून पॅसेंजरने जळगाव, तिथून पाचोरा. मुक्काम मावसभावाकडे. सायकली गाडीत चढवायच्या तर सामान म्हणून बुक कराव्या लागतात, आणि लहान स्टेशनावर ती सोय असतेच असे नाही, म्हणून स्टेशन मास्तरांना आधी विचारायचे. नाहीच जमले तर मावसभावाच्या दोन सायकली आहेत, जुन्या असल्या तरी काळ्या घोड्या आहेत.

शनिवारी उजाडताच पाचोरा, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. पहूरला जेवण. तिथून फर्दापूरचा रस्ता जळगाव-संभाजीनगर वाहतुकीचा आहे, साधारण पंधरा किलोमीटर. मुलीला भीती आहे ती इथेच. म्हणून मी मागे, ती पुढे, आणि दुपारी तीनच्या आत हा तुकडा संपवायचा. अंधारात नाहीच. मंडळी आणि धाकटा जळगावहून एस.टी.ने फर्दापूरला येतील. दिवसाला पन्नास-पंचावन्न किलोमीटर सहावीतल्या पोराला जड जातात, त्याचा हट्ट मोडावा लागला.

बेत आखताना एक प्रश्न सारखा विचारायचा: इथे कोणी थकले तर काय? छोटी गाडी चालू असती तर शेंदुर्णीला तिकीट काढून डब्यात बसता आले असते. आता एस.टी.च्या थांब्यांवर खुणा करून ठेवल्या आहेत. सायकल टपावर घ्यायची की नाही हे कंडक्टर ठरवील. न घेतली तर ती गावात कोणाच्या ओसरीवर ठेवायची.

रविवारी अजिंठा. हा वार मुद्दाम, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. फर्दापूरच्या फाट्यावर सायकली ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे, ती सगळेच बघतात. मी मुलांना २४ नंबरचे लेणेही दाखवणार आहे. ते अर्धवट राहिले आहे. खांब पूर्ण सुटलेले नाहीत, दगडावर छिन्नीचे घाव तसेच आहेत. आधी वरून पोखरत खाली यायचे, खांबांपुरता दगड राखून ठेवायचा, ही रीत तिथे कळते. ज्यांच्या घरात कोणी दगड फोडला आहे, त्यांना तिथे उभे राहावेसे वाटेल.

लेण्यांखालून वाघूर वाहते. तीच पुढे पहूरवरून जाते, तापीला मिळते, आणि तापी आपल्या मुडावदला येते, जिथे पांझरा तिला मिळते. नरडाण्याच्या पोरांना मी हे सांगितले तेव्हा धाकटा म्हणाला, "म्हणजे लेण्यातले पाणी आपल्याकडे येते?" येते.

सोमवारी परत. फर्दापूरहून सोयगाव, तिथून शेंदुर्णी, पाचोरा. डाव्या हाताला अजिंठ्याचा डोंगर, चढ-उताराचा रस्ता. चढावर उतरून ढकलायचे, लाज नाही. अजिंठ्याचा घाट मात्र आमच्या बेतात नाही. शाळेला एका दिवसाची चिठ्ठी द्यावी लागेल.

महिना डिसेंबर. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात चिकटून चाक फिरत नाही, आणि मार्चनंतर ऊन बाधते. बाभळीच्या काट्याने पंक्चर ठरलेलेच, म्हणून सोल्यूशन, रबराचे तुकडे, पान्हा, पंप आणि एक जादा ट्यूब. भाकरी, ठेचा, गूळ. पाणी माणशी दोन बाटल्या.

मुलीने कालच सायकल अंगणात काढली. चेनला तेल घातले, आणि मागचे ब्रेकचे रबर झिजले आहे असे तिनेच सांगितले. बाजारच्या दिवशी ते बदलायचे आहे.